हुपरीची नळी

चांदीला आवाज असतो, ही आम्हा हुपरीकरांना वेगळी शिकावी लागणारी गोष्ट नाही. माझ्या माहेरी सकाळी चहाच्या आधी ठोकणं सुरू व्हायचं. एकीकडे तार ओढली जायची, दुसरीकडे आई आणि काकू घुंगरं जोडत बसायच्या, आणि मधेच कुणीतरी तयार पैंजण हवेत झटकून बघायचं. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा सासरचं घर मला इतकं गप्प वाटलं, की घरात काहीतरी झालंय आणि मला सांगत नाहीत अशी शंका यायची. माणसं चांगली होती. आवाज नव्हता, एवढंच.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, वाळे करायचे. हुपरीत पैंजण शंभर घरांत होतात, पण वाळे आप्पांचेच, असं मी म्हणते आणि कुणी वाद घालायला आलं तर त्याला बसवून चहा पाजून पटवून देते. वाळा म्हणजे तान्ह्या बाळाच्या पायात घालायची पोकळ कडी. आत चांदीचे बारीक दाणे टाकून तोंड बंद करायचं, म्हणजे बाळ रांगत कुठं गेलं ते चुलीपाशी बसल्या जागी आईला कळतं. आप्पांना या दाण्यांचं एवढं वेड, की हातून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूत ते घालायचे. बाळाच्या उष्टावणाची वाटी केली तरी तिला दुहेरी तळ लावून मधे चार दाणे सोडायचे. गिऱ्हाईक आधी हसायचं. नंतर त्याच्याच भावकीतून दुसरं गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, आम्हाला ती वाजणारी वाटी पाहिजे.

‘मुकी वस्तू घरातनं द्यायची न्हाय,’ हा त्यांचा नियम होता. वस्तू तयार झाली की कानाशी धरून हलवायची, आणि मनासारखं वाजलं की म्हणायचं, ‘बोलती हाय.’ मग ती लाल कापडावर जायची. ते शब्द आले नाहीत तर वस्तू परत निखाऱ्यावर. आईनं कितीही डोळे वटारले तरी यात बदल नव्हता.

पुढे आप्पांचे कान गेले. आम्हाला वाटलं जन्मभर ऐरणीजवळ बसल्याचा परिणाम. डॉक्टर म्हणाले तसं नाही, कानातली बारीक हाडं धरली आहेत, बाहेरचा आवाज आत पोचत नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की आप्पा उठून बाहेर जायचे. कानात घालायचं मशीन आणलं, ते त्यांनी दोनदा घातलं आणि ‘सदऱ्याच्या कॉलरशिवाय काय ऐकू येत न्हाय’ म्हणून कपाटात ठेवलं. पण वाळे तपासायचं सोडलं नाही. वाळा जबड्याच्या हाडाला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि हळू हलवायचे. हाडातून दाणे कळतात म्हणायचे. मी लहान असते तर घाबरले असते, पण तेव्हा मी स्वतः एका पोरीची आई होते आणि मला त्यांचा अभिमानच वाटला. नंतर भावांनी दागिने काढायचं मशीन घेतलं आणि आप्पांचं बैठं काम सुटलं. ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाच्या हालचाली बघत राहायचे.

आता माझ्या लेकीकडे येते. ती एकुलती एक, इंजिनियरिंगला, आणि गिटार वाजवते. विजेवर चालणारी गिटार, तिला मोठा स्पीकर जोडावा लागतो. मी एका सहकारी बँकेत काउंटरला आहे. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन घरी आले की मला शांतता लागते, म्हणजे सासरच्यांनी मला अखेर त्यांच्यासारखं करून टाकलंय. अशाच एका संध्याकाळी मी भाकरी थापत असताना तिच्या खोलीतून असा काही सूर आला, की माझा हात थांबला. कुणीतरी रडता रडता एकदम चिडावं तसा तो आवाज होता. शेजारणीनं खिडकीतून विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, ठीक आहे, अभ्यास चाललाय.

तो आवाज तिनं एका ब्रिटिश बँडकडून उचलला होता. पन्नासेक वर्षांपूर्वीचा, ब्लूज-रॉक वाजवणारा. ब्लूज म्हणजे अमेरिकेत शेतात राबणाऱ्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, आणि ती गाणी या इंग्लंडच्या पोरांनी उचलून विजेवर मोठ्यानं वाजवली, असं लेकीनं मला समजावलं. चार पोरं, जहाजं बांधायच्या गावातली. दोन वर्षंसुद्धा एकत्र टिकली नाहीत. एकच रेकॉर्ड काढली आणि चौघं चार दिशांना गेली. जगात कुणाला त्यांचं नाव माहीत नसेल, पण माझ्या घरात सकाळ-संध्याकाळ त्यांचीच आरती. त्यांचा गिटारवाला बोटात एक नळी घालून ती तारेवरून सरकवायचा, म्हणून तो रडका सूर. त्या नळीला स्लाइड म्हणतात. माझ्या लेकीनं तसली एक काचेची नळी मागवली होती आणि दोन वर्षं त्या एका माणसाच्या मागं लागून तसाच सूर काढायला शिकली होती. शिकवायला कोल्हापुरात कुणी नव्हतं. मोबाईलवर बघायचं, थांबवायचं, परत बघायचं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण लोकांना वाटतं पोरं मोबाईलवर वायाच जातात.

तिनं कॉलेजातल्या तिघांना घेऊन स्वतःचा बँड केला. ड्रमवरचा पोरगा पेठेतल्या ढोल-ताशात तयार झालेला, त्यामुळे त्याला हळू वाजवायला शिकवण्यातच एक पावसाळा गेला. ठरलं असं, की गॅदरिंगला त्या ब्रिटिश बँडची ती रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवायची. परीक्षा झाली की ड्रमवाला पुण्याला आणि दुसरा एक बंगळूरला नोकरीला जाणार होता. म्हणजे यांचा बँड त्या ब्रिटिश बँडहूनही लवकर संपणार. हा पहिला कार्यक्रम आणि हाच शेवटचा.

याच दिवसांत तिनं मला त्या गिटारवाल्याची मुलाखत दाखवली. आता म्हातारा झालाय, आप्पांच्याच वयाचा असेल. आपल्या स्वयंपाकघरात बसून बोलत होता. खिशातून तांब्याची एक नळी काढून दाखवली आणि म्हणाला, ही माझ्या वडिलांनी करून दिली. वडील जहाजाच्या कारखान्यात पाइप जोडायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक तुकडा कापला, कानसून गुळगुळीत केला आणि पोराला दिला. पण पोराचं वाजवणं त्यांनी कधी ऐकलं नाही. गावात कार्यक्रम झाला तेव्हा त्यांची कारखान्यात रात्रपाळी होती. पुढच्या वेळी येतील, असं पोराला वाटलं, आणि बँडच मोडला. एवढं सांगून तो उठला आणि त्यानं किटली ठेवली. मी पदर डोळ्यांना लावला. लेक म्हणाली, ‘आई, मुलाखतीला कोण रडतं का?’

तेव्हाच माझ्या मनानं घेतलं. आप्पांनी तिचं वाजवणं ऐकलं पाहिजे. हा बँड आहे तोवरच ऐकलं पाहिजे. ज्या माणसाला दाराची कडी वाजलेली कळत नाही त्याला गिटार कशी ऐकवणार, असं यजमानांनी विचारलं. बरोबरच विचारलं, पण मला राग आला. मी त्या दिवशी त्यांच्याशी जेवणापुरतंच बोलले.

आणि मग ती काचेची नळी स्वयंपाकघरातल्या फरशीवर पडून फुटली. लेक तिथंच बसून तुकडे गोळा करायला लागली. कार्यक्रम पंधरवड्यावर आला होता. मी म्हटलं, ऊठ, केस विंचर, आपण हुपरीला जातोय. ती म्हणाली, तिथं गिटारचं दुकान कुठंय. मी म्हटलं, हुपरीला दुकानाची गरज नाही. आमच्यातला कुणी उभा राहिला की तेच दुकान.

दुपारच्या एसटीनं गेलो. आप्पा ओट्यावरच होते. लेकीनं त्यांना मोबाईलवर तो म्हातारा दाखवला, आणि हातवारे करून, कानाशी ओरडून सगळी गोष्ट सांगितली. अर्धी गल्ली जमा झाली. आप्पांनी आधी चौकशी केली ती बँडची.

‘किती वर्सं चालला?’

‘दोन बी न्हाय, आज्जा.’ आप्पांशी बोलताना तिची भाषा आपोआप हुपरीची होते, मला ते फार आवडतं.

‘हात्तिच्या. आमच्या गल्लीतला बँजो बघ, तुझ्या आईच्या लग्नात वाजला आन् अजून वाजतुय.’

सगळे हसले. मग तिनं सांगितलं, नळी त्याच्या वडिलांनी करून दिली. आणि त्यांनी ती वाजताना कधी ऐकली नाही. हे तिला दोनदा सांगावं लागलं. आप्पांचा चेहरा बदलला.

‘ऐकलंच न्हाय?’

‘न्हाय.’

ते थोडा वेळ त्या मोबाईलमधल्या म्हाताऱ्याकडे बघत राहिले. मग लेकीचा हात ओढून घेतला, करंगळीशेजारच्या बोटाला दोरा गुंडाळला आणि गाठ मारली. भाऊ म्हणाला, आप्पा, मशीनवर काढून देतो, तुमचे हात थरथरतात. आप्पांना ते ऐकू आलं नाही, की आलं नाही असं त्यांनी दाखवलं, ते देवाला माहीत. त्यांनी पोत्याखालची जुनी ऐरण ओढायला सुरुवात केली होती.

पुढच्या रविवारी नळी आणायला गेलो. काय सांगू, इतकी देखणी वस्तू मी माझ्या लग्नातही बघितली नव्हती. बाहेरून आरशासारखी साफ, आत बोट घातलं की कुठं टोचत नाही. दुहेरी भिंतीची होती, म्हणून हाताला जड. कडेला दोरीसारखी बारीक वेल, वाळ्याला असते तशी. लेकीनं ती बोटात घातली आणि हात हलवला.

नळी वाजली. छुम.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी आप्पांकडे बघितलं. आप्पा आमच्या तोंडाकडे बघून खूश होते. दोन भिंतींच्या मधे त्यांनी दाणे सोडले होते. सोडणारच होते. मी त्यांची मुलगी असून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

लेक मला बाजूला घेऊन म्हणाली, की ही तारेवर सरकवताना तारेशिवाय दुसरं काही वाजून चालत नाही. मी आप्पांना खुणेनं सांगितलं, ओरडून सांगितलं, शेवटी नळी हातात घेऊन दाणे काढायची नक्कल करून दाखवली. त्यांना पहिल्या खेपेलाच समजलं होतं.

‘मुकी वस्तू ह्या घरातनं कवा गेली न्हाय,’ ते म्हणाले. ‘आता माझ्या जायच्या वक्ताला घालवू व्हय?’

परतीच्या एसटीत लेक खिडकीकडे तोंड करून बसली. मला तिचाही राग आला होता आणि आप्पांचाही, आणि दोघांचं म्हणणं बरोबर असल्यामुळे तो कुठं काढताही येत नव्हता. घरी आल्यावर तिनं दुसरी काचेची नळी मागवली. ती वेळेत आलीसुद्धा. दोन्ही नळ्या तिच्या टेबलावर शेजारी शेजारी होत्या. कार्यक्रमाला कुठली नेणार, हे मी विचारलं नाही. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते माझ्या घरच्यांना विचारा.

गॅदरिंगच्या संध्याकाळी आप्पा पांढरं धोतर, पांढरी टोपी घालून आले. त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. ती रांग पाहुण्यांसाठी राखीव आहे, असं एका पोरानं सांगायचा प्रयत्न केला. मी त्याला म्हटलं, हेच पाहुणे. हॉलमधले दिवे मालवले, पडदा उघडला आणि माझी लेक उभी होती. तिच्या बोटात चांदी चमकली. नंतर तिला कारण विचारलं तर म्हणाली, जड आहे ना, सूर जास्त वेळ टिकतो. हुपरीच्या रक्ताला भावना बोलून दाखवता येत नाहीत, आम्ही वजनाचं बोलतो.

ती वाजवायला लागली. तो रडता रडता चिडणारा सूर, जो मी भाकरी थापताना ऐकला होता, तो त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये भिंतीला जाऊन लागला. त्याच्या मागून सुपात जोंधळे सरकावेत तशी एक बारीक सळसळ येत होती. साउंडवाल्याला वाटलं वायर ढिली आहे. तो बिचारा दर गाण्याला वाकून स्टेजवर यायचा, पिना हलवायचा आणि डोकं खाजवत परत जायचा. तिसऱ्या गाण्यानंतर लेकीनं माईक ओढला आणि सांगितलं, ‘दादा, वायर चांगली हाय. ही नळी हुपरीची हाय, माझ्या आज्जानं केलीया. ती वाजणारच.’

मग जे झालं ते कोल्हापूरच करू जाणे. शिट्ट्या, आरोळ्या, खुर्च्या मागं सरकल्या, लोक उभे राहिले. हुपरीहून आलेली पोरं तर खुर्च्यांवरच चढली. कुणीतरी आप्पांना धरून उभं केलं, वळवलं, आणि सगळा हॉल त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागला. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. ती माझी मुलगी होती, ते माझे वडील होते, आणि हे साऱ्या गावानं बघितलं.

आप्पांनी सगळ्यांना हात जोडले. मग माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या, काय झालं? मी कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा स्टेजकडे बघत बसले, तिच्या हाताकडे. शेवटच्या गाण्यापर्यंत ते तिच्या हाताकडेच बघत होते. रिक्षात बसल्यावर म्हणाले, ‘लोकं उठल्याली दिसली. मला काय ऐकू आलं न्हाय.’

तक्रार नव्हती त्यात. म्हणूनच मला ते सहन झालं नाही. बँड संपला होता. ड्रमवाल्याचं सोमवारचं तिकीट होतं. आता पुढची वेळ कुठली?

सकाळी आप्पा आमच्याकडेच होते. चहा झाला. लेक सोफ्यावर बसून गिटारच्या तारा पुसत होती, स्पीकरला जोडलेली नव्हती. नळी शेजारी पडली होती. आप्पांनी ती उचलली, सवयीनं जबड्याला टेकवली, हलवली आणि परत तिच्याकडे दिली. मग थांबले. गिटारकडे बघितलं. तिच्या लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, दुकानात माठ बघतात तसं. आणि माझ्या लेकीला खूण केली, वाजव.

ते तिच्याजवळ खाली बसले, टोपी काढली, आणि गिटारच्या वरच्या कडेला आपला जबडा टेकवला. तिला क्षणभर समजेना. मला समजलं. मी म्हटलं, ‘वाजव गं. त्यांना हाडातनं कळतं.’

तिनं त्या रेकॉर्डमधलं सर्वांत संथ गाणं धरलं. स्पीकर नसल्यामुळे मला तारेची नुसती कुजबुज ऐकू येत होती, आणि दाण्यांची छुम. आप्पांचे डोळे मिटलेले. मग त्यांच्या कपाळावरची शीर हलली. नळी वर सरकली की त्यांच्या भुवया वर जात होत्या, खाली आली की खाली येत होत्या. यजमान पेपर घेऊन दारात आले होते, ते तिथंच उभे राहिले. गाणं संपलं तरी आप्पांनी जबडा उचलला नाही. लेकीनं ते परत पहिल्यापासून वाजवलं.

मग ते सरळ झाले. गालावर लाकडाची कड उमटली होती.

‘दाणं वाजत्यात,’ ते म्हणाले. ‘आन् दाण्यांच्या मागं कोन तरी रडतंय. लई रडतंय.’

लेकीनं मान हलवली. आप्पांनी तिच्या बोटातली नळी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि परत तिच्या बोटात घातली.

‘बोलती हाय,’ ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी किती वर्षांनी ऐकले.

मग टोपी झटकून डोक्यावर घालता घालता त्यांना काहीतरी आठवलं. तिच्या मोबाईलकडे बोट दाखवून म्हणाले, ‘त्या इंग्लंडच्या पोराला कळव. म्हणावं, हितं ऐकलं.’